डी फॉर... दुसऱ्या सालचा!

पहाटे पावणेसहाला आईचा फोन आला की पोटात गोळाच येतो. त्या दिवशीही आला. मी अर्धवट झोपेत उशीखाली फोन शोधतेय आणि पलीकडून आई अत्यंत शांत आवाजात म्हणतेय, "अगं, गाडी डीमध्ये टाकलीये. ॲक्सिलरेटर देतेय. इंजिन नुसतं ओरडतंय, पण गाडी जागची हलत नाहीये. काय करू?"

मागून मावशीचा आवाज, "तिला कशाला उठवतेस? आपण रिक्षा बघू."

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? गाडी बंद पडली तर कॅब बोलवा! पण मंडळी, मावशीचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. पहाटे सहाचा स्लॉट. त्या वेळेला सिंहगड रोडवर कॅब बुक करून बघा एकदा. ड्रायव्हर आधी "कुठं जायचंय?" विचारतो, मग गपचूप कॅन्सल करतो. म्हणून गेली दोन वर्षं आईच तिला घेऊन जाते, चार तास बाहेर बसून शब्दकोडी सोडवते आणि परत आणते. त्या दिवशी कशीबशी रिक्षा मिळाली. दोघी पंचवीस मिनिटं उशिरा पोचल्या.

आणि गाडी ऑटोमॅटिक असणं ही आमच्या घरात चैन नाहीये बरं का. आई मुळातच बिनगिअरवाली. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने पुण्यातल्या कितीतरी बायकांना क्लच-गिअरच्या कटकटीतून सोडवलं, त्यातलीच ती एक. चारचाकी शिकली तीही पन्नाशीनंतर, थेट ऑटोमॅटिकवर. पुढे डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच हा विषयच संपला. म्हणजे ही गाडी गेली तर आईची मोकळीक गेली आणि मावशीची सोय गेली. इतका साधा हिशेब होता.

गाडी २०१० ची. कंपनीचं नाव नाही सांगत. पंधरा वर्षं इमानेइतबारे चाललेल्या गाडीची म्हातारपणी बदनामी कशाला? शिवाय दोष थोडा आमचाच होता, ते पुढे येईलच. २०२५ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून आरटीओत नेली, तपासणी झाली, ग्रीन टॅक्स भरला, पाच वर्षांसाठी नव्याने नोंदणी करून घेतली. आम्ही खूश! आणि चारच महिन्यांत हे.

गिअरबॉक्सच्या पोटात

दुपारी गाडी टोइंगवरून आमच्या मेस्त्रीकाकांच्या गॅरेजात. काकांनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, वास घेतला आणि माझ्या नाकापुढे धरली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल चांगलं असतं तेव्हा बहुतेक गाड्यांमध्ये लालसर असतं. आमचं काळं होतं आणि त्याला जळक्या करपलेल्या दुधासारखा वास येत होता.

"प्लेटा जळाल्या," काका म्हणाले. "तेल कधी बदललं होतं?"

मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. पंधरा वर्षांत एकदा. बहुतेक.

तुमच्यापैकी बरेच जण आता ऑटोमॅटिक चालवत असाल, म्हणून सोप्पा फंडा सांगते. आमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरवाला चार गिअरचा बॉक्स. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा. त्याच्या हवेने दुसराही फिरायला लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच होतं, फक्त हवेच्या जागी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, त्या तेलाने दुसरा फिरतो, तो गिअर फिरवतो. म्हणून सिग्नलला गाडी डीमध्ये उभी राहू शकते आणि इंजिन बंद पडत नाही.

पुढे गिअर बदलायचं काम तेलातल्या क्लच प्लेटांचं. कुठल्या प्लेटा कधी आवळायच्या आणि कधी सोडायच्या हे ठरवते व्हॉल्व्ह बॉडी. हा ॲल्युमिनियमचा चपटा ठोकळा असतो आणि आत तेलाच्या वाटांचा अक्षरशः चक्रव्यूह. त्या वाटांवर दरवाजे म्हणून सोलेनॉइड बसवलेले. त्यांना करंट देऊन उघडमीट करणारा कॉम्प्युटर गाडीत वेगळा. म्हणजे गिअरबॉक्स हा नुसता लोखंडाचा डबा नाहीये. तो एका कॉम्प्युटरशी सतत बोलणारा डबा आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझं घोडं इथेच अडलं!

नवा, जुना की दुसऱ्या सालचा?

सर्व्हिस सेंटरमध्ये नव्या गिअरबॉक्सचा आकडा विचारला. तो ऐकून मी तिथली फुकटची कॉफी दोनदा प्यायले. आमची गाडी आज विकली तर जेवढे येतील, त्यापेक्षा तो जास्त होता. आणि माझं फ्रीलान्सिंगचं पेमेंट कधी येतं हे तर संपादकांनाही माहीत नसतं.

दुसरा रस्ता म्हणजे आहे तोच खोलून दुरुस्त करायचा. काकांनी तेलाचा पॅन उतरवला, तर तळाला काळा चिखल आणि त्यात चमकणारी धातूची कणी. नुसत्या प्लेटा नव्हे, आतल्या ड्रमवरही ओरखडे असणार. किट मागवा, ड्रम शोधा, महिना तरी जाणार. महिनाभर मावशीला रिक्षाने? नाही.

तिसरा रस्ता, अपघातात गेलेल्या गाडीचा चालू गिअरबॉक्स. पण २०१० चा मिळेना. दोन दिवस फोन फिरवल्यावर कुर्ल्याहून उत्तर आलं. मॉडेल तेच, इंजिन तेच, गिअर चारच, फक्त गाडी २०१३ ची. मागून ट्रकने ठोकलेली, त्यामुळे पुढचा सगळा माल शाबूत.

"बसेल?" मी काकांना विचारलं.

काका म्हणाले, "बसणं आणि चालणं यात फरक असतो, ताई."

तेव्हा मला वाटलं, काका उगाच भाव खातायत. नाव एक म्हणजे माल एक, असं आपण धरूनच चालतो ना? पण जरा आठवून बघा. होंडा सिटी. २००३ मध्ये आलेल्या पिढीतल्या ऑटोमॅटिकला सीव्हीटी, म्हणजे पट्टा आणि पुल्यांवर चालणारा, पायऱ्याच नसलेला गिअरबॉक्स. २००८ मध्ये आलेल्या पिढीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. २०१४ मध्ये पुन्हा सीव्हीटी! मारुतीची डिझायर घ्या. २०१२ च्या पिढीत चार गिअरची ऑटोमॅटिक, २०१७ च्या पिढीत एएमटी, म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं. मागच्या बाजूला नाव तेच, पोटात सगळं वेगळं. हे गिअरबॉक्स एकमेकांच्या जागी जाणं म्हणजे इडलीच्या साच्यात पोळी लाटणं.

पण हा उघड फरक झाला. खरी गंमत असते ती गिअरबॉक्स तोच, नावही तेच आणि तरी सालागणिक वेगळा असतो तेव्हा. अमेरिकेत तर घरच्या गॅरेजात गिअरबॉक्स बदलणारे लोक या बाबतीत पीएचडी करून बसलेत. जनरल मोटर्सचा ७००-आर-४ हा चार गिअरचा बॉक्स १९८२ च्या मॉडेलांत आला. १९९० मध्ये त्याचं नाव ४एल६० झालं. १९९३ पासून तो इलेक्ट्रॉनिक झाला आणि नावाला ई चिकटला, ४एल६०-ई. बरं, त्यानंतर तरी सगळे सारखे? छे! १९९५ मध्ये आतल्या लॉकअप क्लचला हुकूम द्यायची पद्धत बदलली. १९९६ मध्ये तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर येताना लागणारा सोलेनॉइड बदलला. बाहेरून बघाल तर डबा तोच. १९९४ च्या गाडीत १९९६ चा डबा आणून बसवला, तर बोल्ट बसतील, पण कॉम्प्युटर म्हणेल, "कोण तुम्ही?"

कुर्ल्याची वारी

तर एका सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, दादरला उतरून लोकल आणि कुर्ला. सोबत काका, त्यांच्या पिशवीत टॉर्च, चिंध्या आणि आमच्या जुन्या गिअरबॉक्सच्या पट्टीचा फोटो.

सीएसटी रोडच्या त्या भंगार बाजारात तुम्ही गेला नसाल तर एकदा जाच. दुतर्फा दुकानं, दुकानाबाहेर दरवाजांच्या रांगा, बंपरचे मनोरे, हेडलाइटांच्या माळा. आख्खी गाडी सुटी करून मांडलेली. आमचा दुकानदार गिअरबॉक्सवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, सब सेम टू सेम है. आँख बंद करके ले जाओ."

मास कॉममध्ये आम्हाला एकच गोष्ट घोकून घेतली होती. कुठलीही बातमी दोन सोर्सेसकडून कन्फर्म केल्याशिवाय छापायची नाही. इथे सोर्स नंबर एक दुकानदार, त्याचा इंटरेस्ट उघड. सोर्स नंबर दोन, खुद्द गिअरबॉक्स.

काकांनी टॉर्च लावून अंगावरची पट्टी पुसली. पहिली अक्षरं आमच्याशी जुळली. शेवटची दोन नाही जुळली.

मग काका अक्षरशः डॉक्टरसारखे तपासत बसले. बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनला चिकटणारा घंटेसारखा भाग, त्याचे बोल्ट आणि डॉवेल पिनांची भोकं मोजली. जुळली. माउंटिंगचे कान जुळले. ॲक्सल जिथे शिरतात तिथले दाते मोजले. जुळले. तेल बोटावर घेऊन चोळलं, लाल, कणी नाही, वास नाही. मग त्यांनी फोनवरून पुण्यातल्या ओळखीच्या पार्टवाल्याला दोन्ही गाड्यांचे चासी नंबर पाठवले आणि कॅटलॉगात फायनल ड्राइव्हचे पार्ट नंबर बघायला सांगितले. फायनल ड्राइव्ह म्हणजे चाकांकडे जाण्याआधीची शेवटची दात्यांची जोडी. कंपन्या मायलेज वाढवायला सालागणिक तिचं प्रमाण बदलतात. ती वेगळी निघाली तर इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांचं गणित बिघडतं आणि गिअर भलत्याच वेळी पडायला लागतात. उत्तर आलं, नंबर तोच. हुश्श!

आणि एक गोष्ट मला तिथेच कळली. आरसीवर उत्पादनाचा महिना वेगळा असतो आणि नोंदणीची तारीख वेगळी. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चात विकली जाते आणि सगळे तिला पुढच्या सालची म्हणतात. शिवाय कंपनी पार्ट बदलते तेव्हा एक जानेवारीचा मुहूर्त बघत नाही, वर्षाच्या मधेच बदलते. म्हणून साल फक्त अंदाजाला. खरं काय ते पट्टीवरचा नंबर आणि चासी नंबर.

फरक एकच दिसला. गिअरचा दांडा पी, आर, एन, डी यापैकी कुठे आहे हे कॉम्प्युटरला सांगणारा स्विच गिअरबॉक्सच्या बाहेरून बसवलेला असतो. २०१३ च्या स्विचच्या कपलरला पिना जास्त होत्या. "त्याचं टेन्शन नाही, आपला जुना लावू," काका म्हणाले. दुकानदाराकडून पक्कं बिल घेतलं, त्यावर मूळ गाडीचा चासी नंबर लिहून घेतला. हे विसरू नका. गिअरबॉक्सचा नंबर आरसीवर नसतो, इंजिन आणि चासीचा असतो. त्यामुळे माल चोरीचा नाही हे दाखवायला तुमच्याकडे फक्त ते बिल असतं.

सत्तर-ऐंशी किलोचा तो ऐवज टेम्पोने पुण्याला निघाला आणि मी परतीच्या गाडीत चक्क झोपले.

हात दाखवून अवलक्षण

आता माझी चूक. गॅरेजात माल पोचल्यावर काका म्हणाले, "दोन दिवस द्या. पॅन उतरवून आतले सोलेनॉइड मीटरने मोजतो, जुन्याशी ताडून बघतो. मग चढवू."

मी म्हटलं, "काका, परवा मावशीचा स्लॉट आहे. सगळं जुळलंय ना? चढवाच."

काका दोन क्षण गप्प राहिले. मग "बरं" म्हणाले. मोठी माणसं असं नुसतं "बरं" म्हणतात ना, तेव्हा समजून जावं.

चढवण्याचं काम बघण्यासारखं होतं. आधी रेडिएटरमधून जाणाऱ्या तेलाच्या नळ्या धुतल्या. ऑटोमॅटिकचं तेल थंड करायला बऱ्याच गाड्यांमध्ये रेडिएटरच्याच एका कप्प्यातून फिरवतात. जुन्या प्लेटांची कणी तिथे लपून बसते आणि नव्या डब्यातही शिरते. मग टॉर्क कन्व्हर्टर. तो डब्याच्या तोंडात फिरवत फिरवत बसवायचा. आत शाफ्टचे दाते आणि पंपाच्या खाचा, एकेक टप्पा पकडत तो टक टक करत आत सरकतो. शेवटचा टक ऐकू येण्याआधी बोल्ट आवळले तर पंप फुटतो आणि सगळा खर्च पाण्यात. काकांनी पोरांना गप्प बसवून तो शेवटचा टक ऐकला. मलाही ऐकवला.

रात्री नऊला गाडी सुरू. आर टाकला, गाडी मागे आली. डी टाकला, धाडकन झटका! रस्त्यावर काढली तर जीव नसल्यासारखी उठली आणि एकाच गिअरमध्ये रखडत राहिली. डॅशबोर्डवर ओव्हरड्राइव्हचा दिवा लुकलुक लुकलुक.

स्कॅनर लावला. कोड आला, पी ०७४८. म्हणजे तेलाचा दाब सांभाळणाऱ्या सोलेनॉइडच्या वायरिंगमध्ये किंवा करंटमध्ये गडबड. कॉम्प्युटरला असं काही खटकलं की तो गाडीला लिंप मोडमध्ये टाकतो. लिंप म्हणजे लंगडणं. आणखी नुकसान नको म्हणून एकाच गिअरवर, आमच्याकडे तिसऱ्यावर, घरी जाण्यापुरती चालू देतो.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखीच झालीये की." आणि हसली. मला काही हसू आलं नाही. परवाचा स्लॉट पुन्हा रिक्षाने.

आपलाच जुना मेंदू

दुसऱ्या दिवशी काकांनी मला काही ऐकवलं नाही. नुसतं मीटर हातात दिलं. दोन्ही सोलेनॉइड टेबलावर. जुन्याचा रेझिस्टन्स बारा ओहमच्या आसपास, नव्याचा जेमतेम पाच. मामला तिथेच उलगडला. आमच्या २०१० च्या गाडीत हा दरवाजा एक तर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद. २०१३ मध्ये तो हळूहळू, लागेल तेवढाच उघडणारा, बारीक बारीक ठोक्यांनी करंट घेणारा. गिअर गुळगुळीत पडावेत म्हणून केलेली सुधारणा. पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरला ती भाषाच येत नव्हती.

मग २०१३ चा कॉम्प्युटरही आणून बसवायचा का? मी हुशारीने विचारलं. तर म्हणे तो इंजिनच्या कॉम्प्युटरशी जोडलेला, तो किल्लीतल्या चिपशी जोडलेला, वायरिंगच्या पिना वेगळ्या. एक धागा ओढायला जावं तर आख्खा स्वेटर उसवायचा.

उपाय उलटा होता. नव्या डब्याच्या प्लेटा, ड्रम आणि पंप ठणठणीत. फक्त त्याला हुकूम देणारी व्हॉल्व्ह बॉडी आमची जुनी लावायची, तिच्यावरच्या जुन्या सोलेनॉइडसकट. अट एकच. दोन्ही डब्यांतल्या तेलाच्या वाटा जुळायला हव्यात. काकांनी जुनं गॅस्केट नव्या डब्यावर ठेवलं आणि भोकाला भोक लावून बघितलं. मी श्वास रोखून उभी. सगळी जुळली. नसती जुळली तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मग दोन दिवस व्हॉल्व्ह बॉडी धुणं. या वेळी मी घाई केली नाही. आत ज्वारीच्या दाण्याएवढ्या स्टीलच्या गोळ्या असतात, प्रत्येकीची जागा ठरलेली. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. पोराने एक गोळी सांडली, तेव्हा गॅरेजमधले सहाजण जमिनीवर ओणवे होऊन चुंबक फिरवत होते. शेवटी ती माझ्या चपलेच्या तळाला चिकटलेली सापडली!

तेलाचंही ताडून बघितलं. सालाबरोबर तेलाचा प्रकारसुद्धा बदलू शकतो. टोयोटाचंच उदाहरण घ्या. त्यांचं आधीचं टी-फोर आणि नंतरचं डब्ल्यूएस ही तेलं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आमच्या दोन्ही सालांना नशिबाने एकच तेल. भरलं, गाडी गरम केली, दांडा पी पासून शेवटपर्यंत सगळ्या जागी फिरवून आणला आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक बघितली.

आणि डी. झटका नाही, दिवा नाही. पहिला, दुसरा, तिसरा... राजाराम पुलापर्यंत जाऊन आलो. चारही गिअर साखरेसारखे. काका स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. एवढे खूश ते मला पहिल्यांदाच दिसले.

जाता जाता

खर्च किती? माल, टेम्पो, तेल, मजुरी मिळून नव्या गिअरबॉक्सच्या एक तृतीयांशाच्याही आत. वेळ? अकरा दिवस, त्यातले तीन माझ्या घाईचे. गॅरंटी? दुकानदाराची पंधरा दिवस, काकांची तोंडी. म्हणजे रिस्क आहेच, ती लपवत नाही. तुमची गाडी नवीन असेल, वॉरंटीत असेल, तर या भानगडीत पडूच नका. आणि मॅन्युअल गाडीला ऑटोमॅटिक करायची आयडिया डोक्यात असेल तर तो खेळच निराळा. तिथे गाडीचा मूळ नमुनाच बदलतो आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

पण जुनी ऑटोमॅटिक असेल आणि दुसऱ्या सालचा डबा घ्यायची वेळ आलीच, तर एवढं करा. साल नाही, नंबर बघा. बोल्ट जुळले म्हणून नाचू नका, सोलेनॉइड मोजायला लावा. आणि जुना गिअरबॉक्स भंगारात टाकायची घाई करू नका. नव्याला काय काय उसनं लागेल ते आधी कळत नाही. हो, आणि तेल वेळेवर बदला. आमच्या प्लेटा त्याच आळसाने जळाल्या.

परवा पहाटे साडेपाचला मी मुद्दाम आईकडे गेले. मावशी पाठीमागे, मांडीवर डबा आणि शाल. आईने सीट पुढे ओढली, आरसा बघितला, दांडा डीमध्ये टाकला. गाडी सरकली. आईने काही म्हटलं नाही. फक्त सोसायटीच्या गेटपाशी डावा पाय, तो ऑपरेशनवाला, जरा लांब पसरून आरामात ठेवला.

मी ग्लोव्ह बॉक्समध्ये एक कागद ठेवलाय, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय : "गाडी २०१०. गिअरबॉक्स २०१३ चा. व्हॉल्व्ह बॉडी आणि स्विच २०१० चे." खाली तेलाचं नाव आणि पुढच्या बदलाची तारीख. उद्या कुठला नवा मेस्त्री ही गाडी उघडेल आणि पार्ट मागवायला बसेल, तेव्हा त्याचे हाल नकोत.

आईने तो कागद वाचला आणि पेन मागितलं. तळाशी तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली : "घाई करू नये."